भजनाच्या वहीत कुठलं गाणं कुठे? अभंग, पद, गौळण, जोगवा, गरबी आणि एकूणच गोंधळ

रावपुरावाली | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बायकांच्या भजनी मंडळाची जुनी वही आता पान उलटलं की पानच हातात येतं अशा अवस्थेला आली आहे. तीन पिढ्यांची अक्षरं आहेत तिच्यात. ती नव्याने टाइप करून प्रत्येकीला छापील प्रत द्यायची असं ठरलं आणि ठरवणाऱ्या सगळ्या चहा पिऊन घरी गेल्या. काम अर्थात माझ्या गळ्यात.

टाइप होतंय, घोडं अडलंय ते अनुक्रमणिकेपाशी. जुन्या वहीतले मथळे असे: अभंग, पदे, गौळणी, भारुडे, देवीची, पाळणे, आरत्या आणि शेवटी 'इतर'. सगळ्यांत जाड 'इतर'! नाथांचा जोगवा 'भारुडे'मध्ये आहे आणि 'देवीची'मध्येही, दोघींनी दोनदा उतरवलेला. होनाजीची भूपाळी 'पदे'मध्ये. गरबे कुणी 'देवीची'त घातले, कुणी 'गुजराती' म्हणून मागच्या पानावर ढकलले. त्यावर माझी सून (गुजराती आहे, माहेर डभोईचं) पान बघून म्हणते, "मम्मी, हा गरबा नाही, ही गरबी आहे." घ्या!

तर जाणकारांनी सांगावं, यांच्यात फरक करायचा तो नक्की कशावरून? आणि कृपा करून "शेवटी सगळी गाणीच" असं लिहू नका. ते आमच्या अध्यक्षीणबाई म्हणून झाल्या आहेत.

चिवडा_पातळ | सोमवार, रात्री ९:२०

शेवटी सगळी गाणीच.

(पळतो.)

छंदीफंदी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, सुरुवात अक्षरं मोजण्यापासून करा. ओवी, अभंग, आर्या, दिंडी, साकी ही मुळात मापाची नावं आहेत, विषयाची नाहीत.

मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४. बोटांवर मोजा: 'सुंदर ते ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला, विटेवरी-कटावरी, चौथा मोकळा. लहान अभंग आठ-आठचा: 'जे का रंजले गांजले', 'त्यासी म्हणे जो आपुले'. झालं.

ओवी याहून सैल. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात. ज्ञानेश्वरीतली (१२९०) ओवी ग्रंथातली, जात्यावरची ओवी गळ्यातली. नाव एक असलं तरी दोघींचा संसार वेगळा. आर्या मात्रांवर चालते. आपण 'आर्या मयूरपंतांची' असं पाठ म्हणतो खरं, पण मोरोपंतांच्या बहुतेक 'आर्या' या गीती आहेत. गीतीच्या मात्रा १२-१८-१२-१८, शुद्ध आर्येचा शेवटचा चरण १५ चा. हे सांगितलं की लोक चिडतात, म्हणून सांगतोच.

मापात बसतं ते त्या त्या मथळ्याखाली घाला. ज्याला ध्रुपद (परत परत म्हणायची ओळ) आहे, कडवी आहेत आणि चाल कवीच्या मर्जीची आहे ते पद. तुमचं 'इतर' निम्म्यावर येईल.

रावपुरावाली | मंगळवार, दुपारी २:४०

काका, काल रात्री बसून मोजलं. छान वाटलं, पण गोंधळ वाढला.

'अभंग' मथळ्याखाली कुणीतरी 'इंद्रायणी काठी' उतरवलंय. ते तर माडगूळकरांचं, 'गुळाचा गणपती'तलं. म्हटलं, हे पहिल्यांदा बाहेर काढू. काढण्याआधी मोजलं तर सहा, सहा, सहा, चार! यमकही जागच्या जागी. आता काय करू? आणि ज्याला आमच्याकडे सगळ्या जणी डोळे मिटून 'अभंग' म्हणतात अशी तीन-चार गाणी कुठल्याच मापात बसत नाहीत.

पेटीमास्तर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मोजणी कागदावर ठीक आहे हो, गाणं कागदावर नसतं. 'इंद्रायणी काठी'ला माप आहे, पण संताची नाममुद्रा नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' यांतलं काही शेवटी आलं की ऐकणाऱ्याला कळतं, शिक्का बसला. मला विचाराल तर ते अभंगाच्या मापातलं भक्तिगीत. माडगूळकरांनी माप मुद्दामच घेतलं असणार, त्यांचा कान तसा होता.

आमच्या बाजूची नावं तर आणखी फसवी. दादरा हा सहा मात्रांचा ताल आणि दादरा हे गाणंही. धमार हा चौदा मात्रांचा ताल आणि धमार हे गाणंही. होरीचं तर विचारूच नका. पखवाजावर धमार तालात, ध्रुपद गायकीच्या ढंगात गायली तरी होरी, आणि तबल्यावर दीपचंदीत ठुमरीसारखी लाडाने गायली तरी होरी. शब्दांत तोच कान्हा, तीच पिचकारी. मात्राही दोन्हीकडे चौदा! फरक आहे तो चालण्याचा. धमारात बोल दुगुणीत-तिगुणीत फिरवायचे, लयीशी झुंजायचं. दीपचंदीत एकाच ओळीला दहा तऱ्हांनी आर्जव करायचं. आपल्या बडोद्याचे फैयाझ खाँसाहेब ध्रुपद अंगाची नोमतोम (शब्दांशिवायची आलापी) करून धमार गायचे आणि ठुमरी-दादऱ्यालाही तितकाच मान द्यायचे. दरबारात बसून दादरा गायला म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही. हल्ली 'लाइट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती रेकॉर्डिंग ऐकावीत.

तेव्हा ताई, मथळा देताना गाऊन बघा, मोजून नको.

छंदीफंदी | मंगळवार, सायंकाळी ७:१५

म्हणजे एकच तुकोबांचा अभंग वारकऱ्याने म्हटला की अभंग आणि मैफलीत भैरवीत आळवला की दुसरं काही? पटत नाही. चाल बदलली म्हणून जात बदलत नाही.

पेटीमास्तर | मंगळवार, सायंकाळी ७:२२

जात नाही बदलत, पण ऐकणारा बदलतो. मैफलीत भजनी ठेका लागला तरी लोक टाळ वाजवत नाहीत, मान डोलावतात.

सूरसागर_काठ | मंगळवार, रात्री ११:०५

दोघांचं वाचलं. मी कीर्तनाच्या घरातला आहे, म्हणून जरा वेगळं सांगतो.

ही नावं एका जातीची नाहीतच. अभंग म्हटलं की माप सांगितलं. भूपाळी म्हटलं की वेळ सांगितली. गौळण म्हटलं की विषय सांगितला. भारूड म्हटलं की ते सादर कसं करायचं ते सांगितलं. ख्याल-ठुमरी म्हटलं की गळ्याची रीत सांगितली. एकाच गाण्याला यांतली तीन नावं लागू पडली तर त्यात विपरीत काही नाही. नाथांचा 'अनादि निर्गुण' बघा. मागायचा तो जोगवा, म्हणून आराध्यांचा (देवीच्या भक्तांचा). त्यातली परडी बोधाची, म्हणजे रूपक, म्हणून भारूड. नवरात्रात म्हणतात, म्हणून देवीचं. तुमच्या वहीत दोघींनी दोनदा उतरवला, दोघीही बरोबर.

गौळण तर दोन घरी नांदते. वारकरी भजनात आधी रूपाचे अभंग होतात, पुढे रंग भरला की गौळणी येतात. इकडे तमाशात गण झाला की गौळण: पेंद्या, मावशी, मथुरेचा बाजार, अडवणूक, थट्टा. विषय तोच, पण एकीकडे गोपी म्हणजे जीव आणि दुसरीकडे गोपी म्हणजे खरोखरीची दहीदूध विकणारी बाई. तमाशातली गौळण कमी प्रतीची असं मी मानत नाही. नाथांच्या गौळणींतली गवळणही चांगली फटकळ आहे.

होनाजीबद्दल: लावणीचा शाहीर, पण भूपाळी लिहिली आणि ती घरोघरी देवासमोर गेली. 'पदे'मधून काढून तिला तिची वेगळी जागा द्या. आणि भूप राग रात्रीचा, भूपाळी पहाटेची, तेव्हा नावावरून रागाकडे जाऊ नका.

आता बडोद्याचं म्हणून एक. आमच्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानात श्लोक, आर्या, साकी, दिंडी, मध्येच धावता कटाव, असं प्रसंग बघून माप बदलत जायचं. लढाईला कटाव, विलापाला दिंडी. हेच काम याच गावात सतराव्या शतकात गुजराती कवी प्रेमानंद करत होते. नळाख्यान, ओखाहरण, सुदामाचरित्र. समोर तांब्याची माण (पोटाला फुगीर, तोंडाला अरुंद घागर), बोटांत अंगठ्या, त्यांनीच ताल. म्हणून ते माणभट्ट. अलीकडच्या काळापर्यंत धार्मिकलाल पंड्यांनी ही विद्या बडोद्यात टिकवली. प्रेमानंदांच्या आख्यानाला कडवी असतात, पण आपल्यासारखी चार ओळींची नव्हेत. त्यांचं एक कडवं म्हणजे एक प्रकरणच: आरंभी मुखबंध, मग ढाळ म्हणजे गोष्टीचा मोठा भाग, शेवटी वलण, जिथे पुढच्या प्रसंगाकडे वळायचं. नळराजाची गोष्ट आपल्याकडे रघुनाथ पंडितांनी संस्कृत वृत्तांत बांधली, ती वाचायला गोड. प्रेमानंदांची ऐकायला. चैत्रात गुजराती घरांत ओखाहरण अजून लागतं.

सूनबाईंचं म्हणणं मात्र त्यांनाच विचारा. डभोईच्या आहेत म्हणजे गरबीवर त्यांचा हक्क आहे.

चिवडा_पातळ | बुधवार, सकाळी ८:०२

एवढा मोठा प्रतिसाद सकाळी चहाबरोबर वाचला, चहाचं सरबत झालं. पण वाचनखूण साठवली.

शेरीगरबा | बुधवार, सकाळी १०:४८

मी रावपुरावालीताईंची सून नाही, पण घरी आई गुजराती, पप्पा दक्षिणी (बडोद्यात आम्हाला अजून हेच म्हणतात), तर थोडं मी बोलते.

गरबो म्हणजे आधी ती छिद्रांची मातीची मटकी, आत दिवा. तिच्याभोवती फिरताना जे गायलं जायचं त्यालाही गरबो म्हणायला लागले. गाणं म्हणून गरबो लांब असतो. मातेचं रूप, तिचा शणगार (साजशृंगार), तिचे पराक्रम, असं सांगत सांगत जातो. वल्लभ भट्ट मेवाडोंचे गरबे बघा, बहुचराजी देवीचे भक्त, एकेक गरबा संपता संपत नाही. गरबी आखूड. एकच भाव, एकच क्षण. कवी दयाराम (जन्म १७७७, चाणोदचे, राहिले डभोईत) यांच्या गरब्या म्हणजे गोपी कृष्णाशी रुसली, भांडली, बासरीवर जळली, संपलं. मराठीत शोधाल तर ती गौळणीची सख्खी बहीण. ताई, तुमची सून बरोबर आहे. आणि ती गरबी 'देवीची'मध्ये असेल तर तिथून काढा, त्यात देवी नाहीच!

जुन्या रिवाजात गरबा बायकांचा आणि गरबी पुरुषांची असंही आई सांगते. सौराष्ट्रात तर मुली जमून खेळतात त्या मंडळालाच गरबी म्हणतात, तिथे हा फरक लावायला जाऊ नका.

आता आपल्याकडे मोठ्या ग्राउंडवर जे चालतं त्यात गरबो, गरबी, रास, फिल्मी सगळं एकामागे एक, हींच तालावर. युनेस्कोच्या यादीत २०२३ मध्ये गरबा गेला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण आमच्या पोळीतल्या (गल्लीतल्या) शेरी गरब्याला गाणारी बाई मिळत नाही, स्पीकर लावतात. एक गाते, बाकीच्या झेलतात, यात जी मजा ती स्पीकरला कशी येणार.

नागपूरकरीण | बुधवार, दुपारी १२:३०

बाहेरून डोकावते. हे वाचताना मला भोंडला आठवला. तोही गोलच, आश्विनातच, तोही कशाच्या तरी भोवती. आमच्याकडे विदर्भात तीच जागा भुलाबाईची, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. बडोद्यात भोंडला होतो का? की गरब्याने खाल्ला?

रावपुरावाली | बुधवार, दुपारी ३:१५

होतो की! दुपारी पाटावर हत्ती काढून भोंडला, खिरापत ओळखायची, आणि रात्री त्याच पोरी चणियाचोळी घालून गरब्याला. पण दोन्हींत फरक मोठा आहे. भोंडल्याच्या गाण्यात देव पहिल्या गाण्यापुरता. पुढे सगळं सासर-माहेर, कारल्याचा वेल, वेडा नवरा, हरवलेले दागिने. गरब्यात माता शेवटपर्यंत मध्ये बसलेली असते. म्हणून भोंडल्याची गाणी मी 'देवीची'त घालणार नाही, कुणी काहीही म्हणो.

शेरीगरबा, तुझा प्रतिसाद सुनेला दाखवला. ती आज दिवसभर माझ्याकडे बघून हसते आहे.

बरं, पाळण्यांचं काय? त्यात अंगाईही आहेत.

नागपूरकरीण | बुधवार, दुपारी ४:००

पाळणा आणि अंगाई वेगळ्या ठेवा हो. पाळणा बारशाचा, चारचौघींत मोठ्याने म्हणायचा. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असं दिवस मोजत जातो, आणि प्रत्येक कडव्याला 'जो बाळा जो जो रे जो'. रामनवमीला रामाचा, गोकुळाष्टमीला कृष्णाचा. पाळण्याने मूल झोपणं अपेक्षितच नाही, उलट बारशाला ते बिचारं रडत असतं. अंगाई खरोखरीची झोपवायची, हळू आवाजात, कधी शब्दांशिवायही.

सूरसागर_काठ | बुधवार, रात्री ९:५०

यावर एक जोड. गुजरातीत अंगाईला हालरडुं. गुजराती कवी झवेरचंद मेघाणींनी 'शिवाजीनुं हालरडुं' लिहिलं. जिजाऊ शिवबाला झोके देते आहे आणि सांगते आहे की आज झोपून घे, पुढे झोप नाही, पुढे लढाया आहेत. रूप हालरड्याचं, आणि काम पोवाड्याचं. मराठीत अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ चा, डफ-तुणतुण्यावर उभ्याने म्हणायचा. मेघाणींनी तोच वीररस पाळण्याच्या दोरीला बांधला. आमच्या लहानपणी बडोद्यातल्या मराठी घरांतही शिवजयंतीला हे म्हणत. ताईंच्या वहीत असेल तर कुठे घालणार बोला!

रावपुरावाली | बुधवार, रात्री १०:१०

आहे. 'इतर'मध्ये आहे. मागच्या पानावर. देवनागरीत उतरवलेलं, खाली कुणीतरी पेन्सिलने 'सावकाश म्हणावे' असं लिहिलंय.

पेटीमास्तर | बुधवार, रात्री १०:३२

ज्या बाईने 'सावकाश म्हणावे' लिहिलं तिला माझा नमस्कार. चाल लिहिता येत नसेल तर निदान एवढं तरी लिहावं. गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, चीजा लिपीत उतरवून शिकवल्या, पुस्तकं काढली, १९१६ मध्ये भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही याच गावात झाली. आणि आपल्या घरातल्या वह्यांवर मात्र 'चाल: नेहमीची'. कुणाची नेहमीची?

ताई, प्रत्येक गाण्याखाली चाल कुठल्या गाण्याची ते लिहाच. प्रेमानंदांच्या पोथ्यांतही कडव्याच्या डोक्यावर रागाचं नाव असतं.

छंदीफंदी | गुरुवार, सकाळी ७:४०

चालीबद्दल सहमत, नोंद व्हावी. पण माप विसरू नका. आणि प्रभातियां (गुजराती पहाटेची पदं) भूपाळीत घालू नका, असा मोह होईल म्हणून आधीच सांगतो. नरसी मेहतांच्या प्रभातियांत झूलणा छंद भरपूर, ३७ मात्रांची लांब ओळ, झुलल्यासारखी चालते. भूपाळीत देवाला उठवतात. प्रभातियांत काही जागी कृष्णाला उठवलंय, पण बऱ्याच ठिकाणी सरळ वेदान्त आहे, उठायचंय ते ऐकणाऱ्याने.

रावपुरावाली | गुरुवार, दुपारी १:२०

सगळं वाचून, सुनेला शेजारी बसवून, अनुक्रमणिका केली. अशी:

मुख्य मथळे कधी म्हणतात त्यावरून. पहाटेची (भूपाळ्या आणि प्रभातियां दोन्ही, काका, रागावू नका, खाली फरक लिहिला आहे). रोजच्या भजनाची, त्यात आधी अभंग, मग पदं, मग गौळणी आणि त्यांना लागून दयारामांच्या गरब्या. नवरात्राची, त्यात जोगवा, गोंधळ, मातेचे गरबे. भोंडल्याची वेगळी. बारशाची. झोपवायची, त्यात मेघाणी. उभ्याने करायची म्हणजे भारुडं, कारण आमच्याकडे विंचू करायला दोघीच तयार होतात आणि त्यांना पान पटकन सापडायला हवं. जोगवा दोन्हीकडे छापणार नाही, नवरात्रात छापून भारुडांत फक्त पान क्रमांक. प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात माप असेल तर माप, आणि चाल. 'इंद्रायणी काठी' रोजच्या भजनात, अभंगांच्या शेवटी, खाली माडगूळकरांचं नाव.

'इतर' रद्द.

छंदीफंदी | गुरुवार, दुपारी १:५५

प्रसंगावरून लावणं मला तत्त्वतः मान्य नाही. बारसं रोज होत नाही, गोकुळाष्टमीचा पाळणा शोधणारीने बारशात का जावं? पण माप छापताय तेवढ्यावर समेट.

चिवडा_पातळ | गुरुवार, दुपारी २:०५

हनुमान चालीसा कुठे?

रावपुरावाली | गुरुवार, दुपारी २:११

पाठ आहे सगळ्यांना. छापत नाही.

शेरीगरबा | गुरुवार, सायंकाळी ५:३०

ताई, लग्नाची राहिली! मंगलाष्टकं नको, ती भटजींची. मी म्हणते ती गुजराती फटाणां, आणि आपल्याकडे विहिणीच्या पंगतीला म्हणायची ती. दोन्हींत समोरच्या पार्टीला गाणं म्हणून शिव्या घालायच्या असतात आणि त्यांनी हसून ऐकायच्या असतात. फरक इतकाच दिसतो की आपल्या विहिणीला आधी रुपेरी ताट, केशरी भात, अत्तरदाणी असा मान देऊन मग चिमटा काढतात. फटाणांत मानबिन नाही, पहिल्या ओळीपासून नवरदेवाचं नाक, त्याच्या काकाचं पोट, वरातीची खादाडी. आईकडे भरपूर आहेत, ऐकून उतरवून देते.

सूरसागर_काठ | गुरुवार, सायंकाळी ६:१५

जरूर घ्या, ताई. ही गाणी वह्यांत कुणी उतरवत नाही, लाज वाटते म्हणून, आणि म्हणणाऱ्या आजीबरोबरच ती जातात. फक्त नावांच्या जागा मोकळ्या ठेवा. फटाणांत नाव ऐनवेळी भरायचं असतं, समोर जो बसला असेल त्याचं.

रावपुरावाली | गुरुवार, रात्री ८:४०

घेते. शेरीगरबा, रविवारी आईंना घेऊनच ये. सुनेचीही आई येणार आहे, म्हणजे दोन्ही बाजूंची फटाणां मिळतील आणि कुणाची जास्त तिखट ते तिथल्या तिथे कळेल.